खरखरीत लपलेला जिना

"लाव ना! अगं, लाव की!" भोंगा ओरडला आणि फळीवर ओळीने मांडलेले चष्मे थरथरले.

"थांबा, थांबा! आधी आत्याला येऊ दे."

"आत्या, लवकर ये गं! नाहीतर हा ओरडून ओरडून तुझ्या सगळ्या काचा फोडेल!" टाचणीने आतल्या खोलीकडे बघत हाक मारली.

सुट्टी लागल्यापासून या तिघांचा मुक्काम आत्याच्या चष्म्यांच्या दुकानातच होता. आत्या खरी टाचणीची, पण हक्क तिघांचा सारखाच. टाचणी अंगाने काडीसारखी आणि जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. भोंग्याला हळू बोलताच येत नसे. तो कानात गुपित सांगायला लागला की ते चौकापर्यंत पोचे. आणि तिसऱ्याला प्रत्येक वाक्याची सुरुवात 'थांबा'ने करायची खोड होती, त्यामुळे त्याची आईसुद्धा आता त्याला थांबाच म्हणते. बिचाऱ्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलंय.

आत्या हात पुसत बाहेर आली. एरवी ती गिऱ्हाइकांशीही थट्टा करणारी बाई, पण आज तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या आधी असते तशी धाकधूक होती. गावातल्या रेडिओ केंद्राने आपले जुने कार्यक्रम इंटरनेटवर टाकायला घेतले होते. आत्या रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन उघडायची आणि एकच कार्यक्रम शोधायची. आज तो आला होता.

टाचणीने बटण दाबलं.

"बालमित्रांनो," निवेदिकेचा गोड आवाज आला, "आज आपल्याकडे दोन पाहुण्या आल्यात. अजून शाळेत जातात हं दोघी! पण त्यांनी चक्क कॉम्प्युटरचा खेळ तयार केलाय. नाव आहे 'जिना'. काय गं, कोणाला सुचला हा खेळ?"

"हिला!" दोन आवाज एकदमच म्हणाले, आणि त्यातली एक जण नाकातून फुर्रकन हसली.

"आत्या, तू?" टाचणी किंचाळली.

"श्श! पुढे ऐक."

"आता टेपरेकॉर्डर रेडिओजवळ आणा," निवेदिका सांगत होती. "रेकॉर्डचं बटण दाबा. घरातल्या मोठ्या माणसांना गप्प बसायला सांगा. आणि ऐका!"

चौघांनी कान टवकारले. फोनमधून काहीच येईना. ना आवाज, ना संगीत, ना साधी खोकल्याची ढास. भोंग्याने फोन हलवला, उलटा केला, त्यावर फुंकर मारली. बराच वेळ नुसती शांतता. मग एकदम निवेदिका पुन्हा उगवली. "झालं ना नीट रेकॉर्ड? मग खेळा, आणि आम्हाला कळवा हं!"

"काय रेकॉर्ड झालं? डोंबल?" भोंगा म्हणाला.

आत्या मटकन स्टुलावर बसली. "गेला," ती म्हणाली. "तोही गेला."

"थांबा! रेडिओवरून गेम? रेडिओला पडदा कुठे असतो?"

मग आत्याने सांगितलं. तेव्हाचे घरगुती कॉम्प्युटर महाविसराळू. बंद केले की सगळं डोक्यातून साफ! म्हणून खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे, आवाज करून. किर्रर्र, टीटीटी, खर्रर्र! माणसाचे कान किटतील असा तो आवाज. पण कॅसेट लावली की कॉम्प्युटर तो ऐकायचा आणि त्यातून खेळ पुन्हा जसाच्या तसा जुळवायचा. जो आवाज कॅसेटवर राहतो तो रेडिओवरूनही जातोच की. केंद्राने तो आवाज लावला, आणि ज्यांच्या घरी तसला कॉम्प्युटर होता त्यांनी तो टेप करून घेतला.

"म्हणजे डाउनलोडच!" भोंगा म्हणाला.

"हो, पण शेजारी भांडायला येतील असं डाउनलोड!"

"आणि ती हसणारी कोण गं?" टाचणीने विचारलं.

"माझी मैत्रीण. एका खुर्चीत दोघी बसून खेळ केला आम्ही. खालचे मजले माझे, सगळ्यात वरचा तिचा. त्या वरच्या मजल्यावर एक दार आहे. ते कसं उघडतं हे ती काही केल्या सांगेना. मीही म्हटलं, नको सांगूस, मी एकटी उघडून दाखवीन! मग थोड्याच दिवसांत तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. मी खेळत राहिले. इतकी, की कॅसेट झिजून शेवटी टेपरेकॉर्डरने खाऊन टाकली. दार काही उघडलं नाही."

"मग तिला विचारायचं ना आता!"

"आता ती नाही रे," आत्या म्हणाली. "मागेच वारली."

थांबाने हळूच विचारलं, "तिने दाराचा प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते वाचता नाही आलं तुला?"

"महाबिलंदर ती! तिने तो भाग नुसत्या आकड्यांत लिहिला होता. महिनाभर बसून वाचलाही असता मी. पण ते गाइड वाचून पास होण्यासारखं झालं असतं. मला तिचं दार तिच्या रीतीनेच उघडायचं होतं."

एवढं बोलून तिने फोन हातात घेतला, कार्यक्रम मागे नेला आणि ते फुर्रकन हसणं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. टाचणीला आत्याकडे बघवेना. तिने भोंग्याला कोपर मारलं, भोंग्याने थांबाला, आणि तिघं एका दमात दुकानाबाहेर पडले.

रेडिओ केंद्राच्या व्हरांड्यात पायांचा आवाजसुद्धा होत नव्हता. भिंतींना बारीक भोकांच्या पाट्या आणि दारं ही एवढी जाड! भोंगा आत शिरताच पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. भोंग्याने मान डोलावून "बरं!" म्हटलं, तेही तीन खोल्यांना ऐकू गेलं.

ध्वनिविभागाचे अभियंते गळ्यात हेडफोन अडकवून बसले होते. माणूस मोठा हौशी. मुलं जुन्या कार्यक्रमांबद्दल विचारायला आलीत म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

"बसा, बसा! हे ऐका आधीचं." त्यांनी एक बटण दाबलं. जुनं गाणं, मागे पावसासारखी खरखर. "आणि हे आताचं!" तेच गाणं, धुऊन पुसून लख्ख. "आहे की नाही कमाल? आमच्याकडचा एकूण एक कार्यक्रम असा स्वच्छ केलाय!"

"काका, खरखर म्हणजे नक्की काय काय काढता?" टाचणीने विचारलं.

"जे बोलणं नाही, गाणं नाही, वाद्य नाही, ते सगळं! कॉम्प्युटरच ठरवतो. 'सगळे कार्यक्रम साफ करू?' असं विचारतो, आपण 'हो' म्हणायचं. गाळणी असते ना चहाची, तसं!"

"थांबा!" थांबा ताडकन उभा राहिला. "आणि एखादा कार्यक्रमच खरखर असेल तर?"

"असा कसा असेल?"

मुलांनी त्यांना ती शांतता ऐकवली. मग आत्याचा खेळ कसा किरकिरत रेडिओवरून गेला होता ते सांगितलं. अभियंत्यांचा चेहरा उतरत उतरत गेला.

"काका," टाचणी म्हणाली, "तुम्ही चहा फेकलात आणि गाळणी जपून ठेवलीत!"

ते रागावले नाहीत. त्यांनी गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मूळ फीत असती तर अजूनही..."

"असती तर म्हणजे?" भोंग्याच्या आवाजाने टेबलावरचा कप हलला.

"कॉम्प्युटरवर सगळं घेतलंय, मग जुन्या फिती कशाला अडगळ, असं ठरलं. चौकात नवं हॉटेल निघतंय ना, त्यांना सजावटीला हव्या होत्या. कालच टेम्पो भरून नेल्या."

"सजावटीला!"

"त्या ढिगातली आपली कशी ओळखायची?" थांबाने विचारलं.

अभियंते डोकं खाजवू लागले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "फितीच्या तोंडाला रंगीत पट्टी जोडलेली असते. साध्या कार्यक्रमाला पांढरी. लाल पट्टी म्हणजे यातला विचित्र आवाज मुद्दाम आहे, हात लावू नका. आमच्या जुन्या लोकांची पद्धत ही."

"मग लाल पट्टी बघूनही तुम्ही हात लावलात?"

"मी बघितलीच नाही गं! फिती यंत्रावर चढवायला बाहेरची माणसं होती. त्यांना काय लाल आणि काय पांढरं!" ते उठून उभेच राहिले. "पळा! फीत आणा. आमचं जुनं यंत्र अजून चालतं. मी ते पुसून तयार ठेवतो."

हॉटेलात खळीचा आणि ताज्या रंगाचा वास भरला होता. फितींची पुठ्ठ्याची खोकी, वरच्या नावांसकट, एका भिंतीवर ओळीने चिकटवलेली होती. आणि छतापासून जमिनीपर्यंत तपकिरी फितींचा पडदा लोंबत होता. एक माणूस चक्रीवरून फीत ओढत होता, दुसरा शिडीवरून ती टांगत होता. कुणाकुणाचे आवाज असे वाऱ्यावर हलत होते. मुलांना ते बघून कसंतरीच झालं.

सजावटीचं काम बघणाऱ्या बाई गळ्यात मोजपट्टी आणि केसांत पेन्सिल खोचून मध्ये उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात फितीचं टोक.

"हा लाल तुकडा काय शोभत नाही बाई," त्या म्हणाल्या आणि कात्री उघडली.

"थांबाऽऽऽ!"

भोंग्याने आजवर दिलेल्या सगळ्या हाळ्या एकीकडे आणि ही एकीकडे! शिडीवरच्या माणसाच्या हातून फीत सुटली, स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं आणि बाईंच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली.

"काय रे?" मागून थांबाने सवयीने ओ दिली.

"कोण रे तुम्ही? आणि अंगावर आल्यासारखं काय ओरडता?"

"ताई, ती फीत कापू नका! तिच्यात एक खेळ आहे, आमच्या आत्याचा. जगात एवढी एकच उरलीय!"

"हे बघा बाळांनो, रेडिओवाल्यांनी स्वतः दिलाय हा कचरा. आज संध्याकाळी उद्घाटन आहे. मालकांनी बजावलंय, जुना जमाना झळकला पाहिजे! पडदा अपुरा राहिला तर ते माझंच डोकं टांगतील तिथे."

विनवण्यांनी इथे काम होणार नाही हे टाचणीने ओळखलं. ती दोन पावलं मागे सरली, पडद्याकडे बघून तिने नाक मुरडलं. "झळकत नाहीये पण."

"काय?"

"तपकिरी ना! दिव्यात अगदी मळकट दिसेल. मालक म्हणतील, जुना जमाना आणायला सांगितला होता, जुनी जळमटं नव्हे."

बाईंनी पडद्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. शिडीवरचा माणूस हळूच म्हणाला, "मी सकाळपासून तेच म्हणतोय."

"व्हिडिओ कॅसेटची फीत बघितलीय का ताई? चांगली रुंद, काळीभोर, आणि उजेड पडला की चमचम! आम्ही पोतंभर आणून देतो. बदल्यात या सगळ्या फिती आमच्या. सगळ्या हं!"

"आधी आण, मग बोल."

भोंग्याचे काका पूर्वी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचे. दुकान कधीच बंद झालं, पण माळ्यावर कॅसेटींचा ढीग बुरशी खात पडला होता, आणि काकू रोज त्यावरून काकांना ऐकवत होती. "न्या, सगळं न्या!" काका आनंदाने म्हणाले. भोंगा पोत्यात कॅसेटी कोंबायला लागला.

"थांबा! आपणही तेच करतोय की. यात कोणाची तरी आठवण असली तर?"

भोंगा चिडला, पण थांबाचं बरोबर होतं. तिघांनी कॅसेटी निवडायला घेतल्या. छापील नावांचे सिनेमे पोत्यात गेले, ते हजारो जणांकडे असतात. हाताने नाव लिहिलेल्या बाजूला राहिल्या. एकीवर फिकट शाईत लिहिलं होतं, 'बाळ चालायला लागला'. काकांनी ती हातात घेतली आणि भोंग्याकडे बघितलं. "अरे, हा तू!" ते म्हणाले. "मी हिला किती शोधलं!"

पोतं घेऊन तिघं धापा टाकत परतले. बाईंनी एक फीत उलगडून दिव्याखाली धरली. ती चकाकली. "अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी कात्री खिशात ठेवली. "जा घेऊन तुमच्या फिती. पण उतरवायच्या तुम्ही!"

लाल पट्टीच्या त्या फितीच्या चक्रीवर 'जिना' असं लिहिलेलं होतं. तिचा बराचसा भाग जमिनीवर पसरला होता, आणि एका जागी त्यावर स्टुलाचा पाय होता. तिथे फितीला चुणी पडली होती. भोंग्याने चक्रीत पेन्सिल घातली, दात ओठांवर दाबले आणि एक अक्षर न बोलता हळूहळू फीत गुंडाळत बसला. तो इतका वेळ गप्प बसू शकतो हे त्याच्या आईला सांगूनही पटलं नसतं. बाकीच्या फिती टाचणी आणि थांबाने उतरवल्या आणि सगळा ढीग केंद्रात पोचता केला.

"नको," आत्या म्हणाली.

तिघं दुकानाच्या दारात घामाघूम उभे होते आणि आत्या नको म्हणत होती!

"अगं, फीत मिळाली! अभियंताकाका वाट बघतायत! तुझा कॉम्प्युटर घे नि चल!"

"लागला नाही तर? आज निदान असं वाटतं की कुठेतरी असेल. तिथे जाऊन नाहीच लागला, तर तेवढंही उरायचं नाही."

टाचणी आत गेली, कपाटातल्या खालच्या खणातून दुलईत गुंडाळलेला तो जाडजूड कीबोर्डचा कॉम्प्युटर काढला आणि आत्याच्या मांडीवर ठेवला. "तू दर वर्षी काढून पुसतेस याला," ती म्हणाली. "मी बघितलंय. कशासाठी पुसतेस?"

आत्याने दुलईवरून हात फिरवला. मग तिने भिंतीवरची दुकानाची चावी काढली.

केंद्रात बातमी पसरली होती. खुद्द केंद्रप्रमुखबाई अवघडून दाराशी उभ्या होत्या, कारण फिती देऊन टाकायच्या कागदावर सही त्यांचीच होती. अभियंत्यांनी यंत्रावर फीत चढवली, यंत्राची तार आत्याच्या कॉम्प्युटरला जोडली आणि जुन्या टीव्हीचा पडदा लावला.

"दोनदा लावलाय आवाज," आत्या म्हणाली. "तेव्हा तसंच करायचे. एकदा कोणाच्या घरी भांडं पडलं तर दुसऱ्यांदा तरी नीट टेप व्हावं म्हणून."

फीत फिरू लागली. निवेदिका बोलली, दोघी बोलल्या, ती हसली. आणि मग... किर्रर्रर्र! टीटीटीटी! खर्रर्रर्र! सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आत्याने नाही ठेवले. ती डोळे मिटून ऐकत होती. पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे नाचायला लागले.

"लागतोय! लागतोय!" भोंगा ओरडला. त्याच वेळी चुणी आली. 'टुक्' असा आवाज झाला, पट्टे थिजले आणि पडदा कोरा पडला.

आता फितीवर एकच खेप उरली होती.

"थांबवा फीत!" आत्या म्हणाली. "आणि चुणीच्या आधीही आवाज बोदाच होता. यंत्राचं डोकं, फितीवर टेकतं ते, जरा तिरकं झालंय. असा आवाज याला कळायचा नाही." तिने पर्समधून चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा पेचकस काढला. अभियंत्यांनी तिला जागा करून दिली आणि स्वतः बोट ठेवून स्क्रू दाखवला. पहिल्या खेपेचा थोडा आवाज लावून ती स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिली. हळूहळू किरकिर टोकदार झाली, सुईसारखी कानात शिरायला लागली. "हा! हाच तो!" आत्याचे डोळे चमकले.

दुसरी खेप सुरू झाली. या वेळी भोंग्याने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. पट्टे नाचत राहिले. नाचत राहिले. नाचत राहिले. आणि एकदम आवाज थांबला.

काळ्या पडद्यावर एक जिना होता. वाकड्यातिकड्या चौकोनांचा. जिन्याच्या तळाशी एक बोटभर मुलगी, तिला एक लांब वेणी.

"आत्याऽऽऽ!" भोंग्याचा बांध फुटला.

आत्या खेळायला लागली. बोटांना सगळं आठवत होतं. मांजर आलं की थांब, बादली पडली की उडी मार, तुटकी पायरी दोनदा टाळ. केंद्रप्रमुखबाईसुद्धा "अय्या, मांजर! मांजर!" करत पुढे सरकल्या. बोटभर मुलगी वर पोचली. समोर बंद दार. दाराच्या एका बाजूला एक घंटा, दुसऱ्या बाजूला एक.

"इथवर मी हजारदा आलेय," आत्या म्हणाली. "एक घंटा वाजवून दुसरीकडे पळायचं, तोवर पहिली बंद होते. मला वाटायचं मीच हळू आहे." तिने पुन्हा पळून बघितलं. नाही. पुन्हा. नाही. तिची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

"थांबा," थांबा पुटपुटला. "आत्या, तू उजवीकडचीच बटणं दाबतेस."

"माझी बाजू तीच. खुर्चीत मी उजवीकडे बसायचे, ती डावीकडे."

"मग डावीकडची बटणं कोण दाबायचं?"

"खेळ लिहिताना ती," आत्या म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "पण खेळताना मी कायम... एकटीच..."

टाचणी आत्याच्या खुर्चीत डाव्या बाजूला घुसली. दोघींना मिळून खुर्ची जेमतेम पुरली. तिने डावीकडचं एक बटण दाबलं.

खाली जिन्याच्या तळाशी आणखी एक बोटभर मुलगी उभी राहिली. हिला वेणी नव्हती. आखूड, विस्कटलेले केस.

"अगं, हिचे केस!" आत्या हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अगदी तशीच! विंचरायचीच नाही कधी! कधीची खाली उभी होतीस गं?"

टाचणी धडपडत, बादल्या खात, मांजराला घाबरत तिला एकेक मजला वर आणत होती. "उजवीकडे! आता उडी! अगं, उडी!" सगळे ओरडत होते, अभियंतेही. शेवटी ती वर पोचली. एक मुलगी एका घंटेशी, दुसरी दुसरीशी.

"आता!"

दार उघडलं.

आत एक लहानशी खोली होती आणि खोलीत एक बाक. दोघी मुली आपापल्याच चालत गेल्या आणि बाकावर शेजारी शेजारी बसल्या. वर अक्षरं उमटायला लागली. त्या कॉम्प्युटरला आपली अक्षरं येत नव्हती. आत्याच्या मैत्रिणीने एकेक चौकोन भरून, वेलांटी-काना जोडून, ती हाताने काढली होती. वेलांटी जरा तिरकीच होती.

'हाक मारलीस ना शेवटी!'

आत्या ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. टाचणीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

केंद्रप्रमुखबाई पुढे झाल्या. "मुलांनो, चूक आमची होती. सही माझी होती. तुम्ही तिघांनी आज नुसती फीत नाही वाचवलीत, आमची लाज राखलीत. शाबास रे पोरांनो! हा खेळ पुन्हा रेडिओवरून जाईल, किरकिरीसकट. आणि आधी निवेदन तुम्ही करायचं."

"मी करणार!" भोंगा ओरडला.

"याला माइक देऊ नका हं," टाचणी म्हणाली, "उगाच वीज जाईल वाया."

अभियंते कोपऱ्यात त्या परत आलेल्या ढिगाशी गुडघे टेकून बसले होते. "ही बघा, लाल. ही पण लाल. अरे, केवढ्या मुलांनी काय काय करून पाठवलं होतं!" थांबाला जवळ घेऊन ते म्हणाले, "उद्यापासून सुट्टी संपेपर्यंत रोज यायचं माझ्याकडे. मी 'हो' म्हणायच्या आधी 'थांबा' म्हणणारं कोणीतरी इथे हवंच."

पडद्यावर खाली एक नवीन ओळ लुकलुकायला लागली होती. 'पुन्हा खेळायचं?'

"हो म्हण! आत्या, हो म्हण! आता माझी पाळी!" भोंगा पुढे झेपावला आणि त्याचं बोट बटणावर पडणार एवढ्यात आत्याने त्याचा हात अलगद धरला.

"खेळू रे, खूप खेळू," ती म्हणाली. "पण आता लगेच नको. दोघींना बसू दे थोडा वेळ."